कच्च्या वहीतला हिशेब

समजा, संगणकाच्या स्मृतीत एका खात्यावर ५०० रुपये नोंदलेले आहेत. एक प्रोग्रॅम त्यात १०० रुपये भरतो, त्याच क्षणी दुसरा २०० काढतो. दोघेही ५०० हा आकडा वाचतात, आपापला हिशेब करतात आणि उत्तर लिहितात. ज्याने शेवटी लिहिले त्याचे उत्तर उरते : ६०० किंवा ३००. बरोबर उत्तर ४००. ते कुठेच नाही!

यावरचा जुना उपाय कुलपाचा. खात्याला कुलूप लावायचे, काम उरकायचे, कुलूप काढायचे. पण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात न्यायचे तर दोन कुलपे लागतात. एकाने 'अ'ला कुलूप लावून 'ब'ची वाट पाहिली आणि दुसऱ्याने नेमके उलट केले, की दोघेही कायमचे अडकले. चाचणीत सुरळीत चाललेला आमचा एक प्रोग्रॅम असाच अडकला. पुन्हा चालवला तर पुन्हा सुरळीत! भरण्याचा आणि काढण्याचा भाग स्वतंत्रपणे अचूक असला, तरी ते जोडल्यावर अचूकपणा टिकेलच अशी हमी कुलपे देत नाहीत. खरी अडचण ही आहे.

१९९३ साली मॉरिस हर्लिही आणि इलियट मॉस यांनी 'ट्रान्झॅक्शनल मेमरी' सुचवली. त्यासाठी संगणकाच्या रचनेतच बदल लागत होता. १९९५ मध्ये नीर शावित आणि डॅन तुइतू यांनी हे काम निव्वळ सॉफ्टवेअरने करण्याची पद्धत मांडली. आज प्रचलित असलेल्या एका प्रकारात प्रत्येक प्रोग्रॅम जणू स्वतःची कच्ची वही बाळगतो. काय वाचले आणि काय लिहायचे, हे तो तिथेच टिपतो. शेवटी तपासतो : आपण वाचलेले आकडे अजून तसेच आहेत का? असतील तर सगळे बदल एकदम पक्क्या वहीत उतरतात. नसतील तर कच्चे पान फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अर्धवट झालेला व्यवहार इतरांना दिसतच नाही.

२००५ मध्ये हास्केल या भाषेत ही कल्पना आणखी पुढे गेली. तिथे 'काढणे' आणि 'भरणे' हे दोन लहान व्यवहार जोडून एक मोठा व्यवहार करता येतो, आणि शिल्लक अपुरी असेल तर ती बदलेपर्यंत थांबताही येते.

फुकट मात्र काही मिळत नाही. टिपणे ठेवण्यात वेळ जातो. एकाच आकड्यावर अनेकांची झुंबड उडाली तर पाने फाडण्यातच शक्ती खर्च होते. शिवाय पान फाडता येते, पण छापून बाहेर पडलेली पावती परत घेता येत नाही. म्हणून व्यवहाराच्या आत छपाईची आज्ञा आली, तर हास्केलमध्ये तो प्रोग्रॅम चालवण्यापूर्वीच नाकारला जातो. इतर अनेक भाषांत हे भान लिहिणाऱ्यालाच ठेवावे लागते.