दुखणं सांध्यांचं, मूळ गळ्याशी

ट्रॉयची थंडी सुरू झाली की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सांधे धरलेत." सकाळी बोटं वळत नाहीत, जिना उतरताना गुडघे कुरकुरतात, खांदा एवढा आखडतो की वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. मग घरातल्या घरात निदान सुरू होतं. कोणी थंडीला दोष देतं, कोणी वयाला, कोणी दिवसभर लॅपटॉपसमोर बसण्याला. यांतलं प्रत्येक कारण खरं असू शकतं. पण आणखी एक कारण आहे, जे साध्या रक्ततपासणीत सापडतं आणि ज्यावर स्वस्त उपचार आहे. ते म्हणजे मंदावलेली थायरॉइड ग्रंथी.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. अंगदुखीचा थायरॉइडशी काही संबंध असतो हेच ज्यांना माहीत नाही, ते पहिले. आणि थायरॉइडची गोळी चालू असल्यामुळे प्रत्येक दुखणं ज्यांनी तिच्या नावावर टाकून दिलंय, ते दुसरे. चूक दोन्हीकडे होऊ शकते, आणि दुसरी चूक कधीकधी जास्त महाग पडते.

आपण राहतो ती जमीन

थायरॉइड आणि मिशिगन यांचं नातं जुनं आहे. हिमयुगातल्या बर्फाने इथली जमीन खरवडून मोठी सरोवरं तयार झाली, आणि त्यासोबत मातीतलं आयोडिनही गेलं. आयोडिनशिवाय थायरॉइडला आपलं संप्रेरक बनवता येत नाही. ती धडपडते, फुगते, आणि गळ्याला गलगंड दिसू लागतं. शंभर वर्षांपूर्वी या सगळ्या प्रदेशाला 'गलगंडाचा पट्टा' म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या भरतीच्या वेळी डॉ. सायमन लेव्हिन यांनी उत्तर मिशिगनमधल्या ह्यूटन काउंटीत ५८३ तरुण तपासले, तेव्हा त्यांच्यापैकी ३० टक्क्यांहून अधिक जणांची थायरॉइड वाढलेली निघाली. पुढे चार काउंट्यांतल्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्या चारांपैकी एक मॅकोम्ब, म्हणजे आपल्या डेक्विंडर रोडच्या पलीकडची. तिथेही साधारण चार मुलांमागे एकाचा गळा सुजलेला होता.

युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. डेव्हिड मरे कॉवी यांनी यावर उपाय शोधला तो स्वयंपाकघरात. मीठ सगळेच खातात, मग आयोडिन मिठातूनच का देऊ नये? डॉक्टर, मीठ कंपन्या आणि दुकानदार यांची मोट बांधून त्यांनी ते घडवलं. १ मे १९२४ रोजी आयोडिनयुक्त मीठ मिशिगनच्या दुकानांत आलं, आणि त्याच वर्षी ते देशभर विकलं जाऊ लागलं. १९५१ पर्यंत मिशिगनच्या शाळकरी मुलांमधलं गलगंड दीड टक्क्याच्याही खाली आलं होतं.

भारतातही हीच गोष्ट थोडी उशिरा घडली. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडिनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला.

मग आज इतक्या घरांत थायरॉइडच्या गोळ्या कशा? कारण आजचा आजार बहुतेक वेळा वेगळा असतो. १९१२ साली हकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या थायरॉइडचं वर्णन केलं. शरीराची संरक्षणव्यवस्थाच त्या ग्रंथीवर हल्ला करत होती. अमेरिकेत आज थायरॉइड मंदावण्याचं सगळ्यात मोठं कारण हा 'हाशिमोटो'च आहे. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी जास्त आढळतो आणि घराण्यातही चालत येतो. मुंबई आणि गोव्यासह भारतातल्या आठ शहरांत ५,३६० प्रौढांची तपासणी झाली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉइड मंद निघाली. म्हणजे मावशी, आत्या, आजी यांच्यापैकी कोणाला तरी हा त्रास असणं आपल्याकडे नवलाचं नाही.

गळ्यातली ग्रंथी आणि गुडघा

थायरॉइडचं संप्रेरक शरीराचा वेग ठरवतं. ते कमी पडलं की सगळंच संथ होतं: थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, वजन थोडं वाढणं, पाळी अनियमित होणं. ही लक्षणं बहुतेकांना माहीत असतात. सांध्यांची बाजू मात्र कमी लोकांना ठाऊक असते.

संप्रेरक कमी असताना कातडीखाली, स्नायूंत आणि सांध्यांभोवती काही चिकट पदार्थ साठतात. ते पाणी धरून ठेवतात. त्यामुळे अंग जड वाटतं, बोटं आखडतात, क्वचित गुडघ्यात पाणीही होतं. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस दाबली गेली तर अंगठा आणि पहिल्या बोटांना रात्री मुंग्या येतात. यालाच कार्पल टनेल म्हणतात. मंद थायरॉइड असलेल्यांत खांदा गोठण्याचं, म्हणजे फ्रोझन शोल्डरचं प्रमाणही जास्त दिसतं. स्नायू ठणकतात, पोटऱ्यांत गोळे येतात, खुर्चीतून उठताना मांड्यांत ताकद राहत नाही.

आणखी एक धागा लक्षात ठेवा. थायरॉइड मंद असली की कोलेस्टेरॉल वाढतं. मग स्टॅटिनची गोळी सुरू होते, आणि थायरॉइडवर उपचार झालेले नसतील तर स्टॅटिनमुळे स्नायू दुखण्याची शक्यता वाढते. म्हणून स्टॅटिन सुरू केल्यावर अंग दुखू लागलं, तर ते आपल्या मनाने बंद करू नका. टीएसएच कधी तपासलं होतं, हे आधी डॉक्टरांना विचारा.

सगळं दुखणं थायरॉइडचं नसतं

हा भाग जरा सावकाश वाचा.

साठीपुढच्या माणसाचा गुडघा चालताना दुखत असेल आणि बसल्यावर बरा वाटत असेल, तर ती बहुधा झिजेची सांधेदुखी असते. तिच्यावर मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, थोडं वजन कमी करणं आणि फिजिओथेरपी यांचा उपयोग होतो.

बोटांचे किंवा मनगटाचे सांधे सुजलेले, हाताला गरम लागणारे असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाभरानंतरही जात नसेल, तर आमवाताची शंका घ्यायला हवी. हाशिमोटोप्रमाणे आमवातातही शरीर स्वतःवरच हल्ला करतं, आणि हे दोन आजार एकाच माणसाला होऊ शकतात. थायरॉइडची गोळी आमवात थांबवत नाही. "माझं थायरॉइडचंच आहे" म्हणत वर्ष काढलं, तर तेवढ्यात सांध्यांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. अशा वेळी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे लवकर जाणंच शहाणपणाचं.

तिसरं कारण आपल्या हवामानाचं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मिशिगनच्या उन्हातून त्वचेला पुरेसं व्हिटॅमिन डी बनवता येत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर जास्त ऊन लागतं. शाकाहारी घरांत बी-१२ चीही कमतरता असते. दोन्हींमुळे अंग दुखतं, मुंग्या येतात. थायरॉइडबरोबर याही तपासण्या करायच्या का, हे विचारून घ्या.

चौथी गोष्ट थोडी नाजूक आहे. टीएसएच किंचित वाढलेलं, समजा ६ किंवा ७, पण फ्री टी-फोर नॉर्मल, असे रिपोर्ट वयस्कांत पुष्कळदा येतात. अशा ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर युरोपात एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. खरी गोळी घेणाऱ्यांना आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांना लक्षणांत काही फरक जाणवला नाही. त्यामुळे आजींचं टीएसएच ६ आहे आणि गुडघा दुखतोय, तर गोळीने गुडघा बरा होईल ही आशा बहुधा फोल ठरते. डॉक्टर "सध्या नुसतं लक्ष ठेवू" म्हणाले, तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका. टीएसएच १० च्या वर असेल किंवा टी-फोरच कमी असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

आणि काही वेळा थांबूच नये. सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, किंवा स्नायू खूप दुखून लघवी कोकसारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

छोटी गोळी, तिचे नियम

१८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉइड पार मंदावलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. त्यानंतर ती स्त्री जवळपास २८ वर्षं जगली. आज आपण घेतो ते लेव्होथायरॉक्सिन कृत्रिमरीत्या बनवलेलं असतं. शरीरात जे कमी पडलंय, तेच ते भरून काढतं. डुकराच्या ग्रंथीपासून बनवलेल्या गोळ्याही इथे मिळतात. त्या चालणार नसतील, तर तसं आधीच सांगा.

गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहाही नाही. आपल्याला सगळ्यात जड जातो तो हाच नियम! सकाळ जमतच नसेल, तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. मात्र वेळ एकच ठरवा. कॅल्शियम, लोह आणि ती असलेली मल्टिव्हिटॅमिन यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते थांबवा, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघतात, कारण हे औषध रक्तात हळूहळू स्थिरावतं. हुशारी काही आठवड्यांत परत येते. स्नायू आणि सांधे मोकळे व्हायला काही महिनेही लागतात. गोठलेला खांदा तर बराच वेळ घेतो, आणि व्यायामाशिवाय हलत नाही. लवकर बरं वाटावं म्हणून गोळ्या मनाने वाढवू नका. डोस जास्त झाला तर हृदयाची लय बिघडते आणि हाडं ठिसूळ होतात. म्हणजे सांधे वाचवायला जाऊन हाडं गमावल्यासारखं होईल. हृदयविकार असलेल्या वयस्कांत तर डॉक्टर अगदी लहान डोसने सुरुवात करतात.

मीठ, कोबी आणि काढे

सैंधव, हिमालयन गुलाबी मीठ, कोशर मीठ यांत सहसा आयोडिन मिसळलेलं नसतं. इथल्या तयार पदार्थांतलं मीठही बहुधा साधंच असतं. उपासाला सैंधव जरूर वापरा, पण रोजच्या आमटीत आयोडिनयुक्त मीठ असू द्या. दूध-दही सोडलेल्यांनी आणि आई होऊ पाहणाऱ्या मुलींनी याकडे जास्त लक्ष द्यावं. मात्र हाशिमोटो असताना "आयोडिन चांगलं" म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेतल्या, तर त्रास वाढू शकतो.

कोबी-फ्लॉवरची भीती नको. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ले तर काही बिघडत नाही.

अश्वगंधेमुळे थायरॉइडची पातळी बदलू शकते, म्हणून ती घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. सांधेदुखीसाठी भारतातून आणल्या जाणाऱ्या महायोगराज गुग्गुळात नाग भस्म, म्हणजे शिशाचं भस्म असतं. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं असलेल्या घरांत हे विशेष लक्षात ठेवा. आयबुप्रोफेनही निरुपद्रवी नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर रोज घेण्याआधी विचारा.

दोन पिढ्यांसाठी दोन कामं

तुमचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी येत असतील, तर सगळ्या मुक्कामाच्या गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शन सोबत आणायला सांगा. येण्याआधी तिथेच टीएसएच करून घेतलेलं बरं. आधीपासूनच्या आजाराचा खर्च व्हिजिटर इन्शुरन्समध्ये सहसा मिळत नाही. प्रवासात एक दिवस गोळी चुकली तर घाबरू नका, औषध शरीरात बरेच दिवस टिकतं. पण इथली गोळी वेगळ्या कंपनीची किंवा वेगळ्या ताकदीची असेल, तर मायक्रोग्रॅमचा आकडा नीट ताडून पाहा.

आणि इथे वाढलेल्या मुला-मुलींनो, आईला विचारा: "आपल्या घरात कोणाकोणाला थायरॉइड आहे?" ते उत्तर तुमच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये असायला हवं. वार्षिक तपासणीत टीएसएच दर वेळी केलंच जातं असं नाही. कधीकधी ते मागावं लागतं. गोळी घेणाऱ्या मुलींनी गर्भधारणा कळताक्षणी डॉक्टरांना फोन करावा. त्या काळात डोस साधारण पाव हिश्श्याने किंवा त्याहून थोडा जास्त वाढवावा लागतो, आणि सुरुवातीचे आठवडे बाळाच्या मेंदूसाठी फार महत्त्वाचे असतात.

यंदा नरकचतुर्दशीला पहाटे उठाल, तेव्हा अभ्यंगस्नानाआधी ती छोटी गोळी घेऊन टाका. अंघोळ आणि ओवाळणं होईपर्यंत तासभर जाईलच, मग चकली आणि चहा निवांतपणे घेता येईल. ज्यांनी अजून तपासणीच केलेली नाही आणि सांधे मात्र महिनोन्‌महिने दुखताहेत, त्यांनी फराळाचे डबे पोहोचवून झाले की डॉक्टरांची वेळ घ्यावी. कुठला सांधा, सकाळी किती वेळ, सूज आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात कोणाला थायरॉइड आहे, या पाच गोष्टी कागदावर लिहून न्या. पंधरा मिनिटांच्या भेटीत तेवढ्याने फार काम होतं.

दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!