आईला 'आ', घराला नाही

सेर आणि एस्तार या दोन स्पॅनिश क्रियापदांचा हिशेब आज करायचा ठरला होता. तो पुढे ढकलतो. नाशिकच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय आणि त्यांनी विचारलेली गोष्ट माझ्या इतक्या आवडीची आहे की ती दोन ओळींत उरकणं मला जमायचं नाही.

त्या मोबाइलवरच्या ॲपवर शिकतात. ॲप अर्थातच इंग्रजीतून शिकवतं. 'आय सी माय मदर' याचं स्पॅनिश त्यांनी 'बेओ मि माद्रे' असं केलं आणि लाल फुली आली. बरोबर उत्तर म्हणे 'बेओ आ मि माद्रे'. त्याच्या जरा आधी 'बेओ ला कासा', म्हणजे घर बघते, हे वाक्य मात्र बिनतक्रार पास झालं होतं. 'घर बघते आणि आईला बघते, दोन्हीकडे क्रियापद तेच. मग आईच्या आधी हा 'आ' कुठून उपटला?' असा त्यांचा सवाल.

बाई, तुमचं उत्तर तुमच्याच सवालात आहे. तुम्ही 'घर बघते' लिहिलंत आणि 'आईला बघते' लिहिलंत. 'आई बघते' असं लिहिलं नाहीत, कारण मग बघणारी आईच झाली असती. तो 'ला' तुम्ही न शिकता, न ठरवता लावलात. स्पॅनिश माणूस त्याच जागी, त्याच कारणाने 'आ' लावतो. आपण नावाच्या मागे लावतो, तो पुढे लावतो, इतकंच.

इंग्रजीला हा भेद नाही. आई असो की घर, नाम जसंच्या तसं. म्हणून इंग्रजी पुस्तकांत या 'आ'साठी वेगळं प्रकरण असतं, त्याला 'पर्सनल आ' असं नाव असतं, नियम असतात आणि नियमांना अपवाद असतात. आपण मराठी माणसं ते प्रकरण इंग्रजीतून घोकतो. मराठीतून बघितलं तर एका प्रश्नात काम होतं. 'काय शोधतोस?' म्हणजे 'के बुस्कास?' आणि 'कोणाला शोधतोस?' म्हणजे 'आ क्येन बुस्कास?' उत्तर 'काय'चं असेल तर 'आ' नको, 'कोणाला'चं असेल तर हवा.

खरी मजा पुढे आहे. 'बुस्को उन मेदिको' आणि 'बुस्को आ उन मेदिको' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल, पोरगं तापाने फणफणलंय. दुसऱ्यात एक ठरावीक डॉक्टर मनात आहे, तोच हवाय. आता मराठीत म्हणून बघा: 'डॉक्टर शोधतोय' आणि 'एका डॉक्टरांना शोधतोय'. फरक अगदी तोच! आपल्याकडे लग्नासाठी 'मुलगी बघायला' जातात. तिथे 'ला' नाही, कारण बघायचं ते स्थळ, माणूस नंतर. दवाखान्यात मात्र 'मुलीला बघायला' जातात, तेव्हा ती कुणाची तरी विशिष्ट मुलगी असते. प्राण्यांचंही असंच. कुत्रा पाळला, पण कुत्र्याला फिरवून आणलं. स्पॅनिशमध्येही घरच्या कुत्र्याला 'आ' मिळतो.

दोन भाषा इतक्या लांबच्या, मग खोड एक कशी? लॅटिनमध्ये नामाच्या शेवटच्या प्रत्ययावरून कर्ता कोण आणि कर्म कोण ते कळायचं. लॅटिनची स्पॅनिश होता होता ते प्रत्यय झिजले. संस्कृतातले प्राकृतातून मराठीत येता येता असेच झिजले. घर काही माणसाला बघत नाही, तेव्हा 'पेद्रो' आणि 'घर' यांत घोटाळा होत नाही. पण वाक्यात पेद्रो आणि आना अशी दोन माणसं आली की कोण कोणाला बघतंय, याची पंचाईत. त्यात स्पॅनिशमध्ये कर्ता खुशाल क्रियापदाच्या मागे जाऊन बसतो. मग ज्याच्यावर क्रिया होते त्या माणसावर खूण करायची, ही सोय. 'एल सिद'च्या जुन्या वीरकाव्यातही हा 'आ' आहे. विशेषनामांना बहुधा लागतो, साध्या नामांना कधी लागतो, कधी नाही. म्हणजे सवय तेव्हा मुरत होती. हिंदीतला 'को', फारसीतला 'रा', रुमानियनमधला 'पे' हे सगळे याच बिरादरीतले. गेओर्ग बोसाँग या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात या प्रकाराला एक भारदस्त नाव दिलं. ते इथे देत नाही, परीक्षेला नाही.

शाळेतलं विभक्तीचं कोष्टक आठवा. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: पुन्हा स, ला, ते. तेच प्रत्यय दोनदा का घोकायचे, असं तेव्हा प्रत्येकाला वाटलेलं असतं. आता त्याचं व्याज मिळवा. स्पॅनिश 'आ'सुद्धा ही दोन्ही खाती सांभाळतो. बहिणीला बघतो, तिथे 'आ'. बहिणीला पुस्तक देतो, तिथेही 'आ'. आणि बहिणीला कॉफी आवडते, तिथेही: 'आ मि एर्माना ले गुस्ता एल काफे'. (मधला 'ले' म्हणजे 'तिला'. बहिणीला, तिला कॉफी आवडते. स्पॅनिशला ही द्विरुक्ती लागते.) हे गुस्तार इंग्रजी पुस्तकांत 'उलटं क्रियापद' म्हणून बदनाम आहे. त्यात उलटं काय आहे? मला कॉफी आवडते, 'मे गुस्ता एल काफे'. मला आंबे आवडतात, 'मे गुस्तान लोस मांगोस'. आंबे अनेक झाले की क्रियापद अनेकवचनी, आपल्यासारखंच. म्हणून माझा आग्रह: शब्दांची कार्डं करता ना, त्यांच्या मागे इंग्रजी लिहू नका. मराठी लिहा, आणि सुटा शब्द नव्हे, पूर्ण वाक्य.

गोव्याच्या वाचकांना एक सावधगिरीची सूचना. घरात आजी-आजोबांची पोर्तुगीज कानावर पडली असेल, तर तिथे 'आईला बघतो' या वाक्यात आईच्या आधी 'आ' ऐकू येतो खरा, पण तो हा नव्हे. तो पोर्तुगीजचं स्त्रीलिंगी उपपद आहे, स्पॅनिशमधल्या 'ला कासा'तल्या 'ला'चा भाऊ. घरालाही तो लागतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

मराठीच्या भरवशावरही डोळे मिटून राहू नका. ओळखणे, शोधणे, बोलावणे, फोन करणे, मदत करणे यांत 'ला' आणि 'आ' हातात हात घालून चालतात. पण काही क्रियापदं फितूर आहेत. आपण मित्राची वाट बघतो, आजीचं ऐकतो, आनावर प्रेम करतो. कुठेच 'ला' नाही. स्पॅनिशमध्ये एस्पेरार, एस्कुचार, केरेर या तिन्हींना माणूस आला की 'आ' हवाच. उलट, 'मला दोन भाऊ आहेत' यात आपला 'ला' आहे आणि स्पॅनिश म्हणते 'तेंगो दोस एर्मानोस'. भाऊ माणसं असूनही 'आ' गायब, कारण तेनेर या क्रियापदाला तो सहसा चालत नाही. या चारांची कार्डं वेगळ्या रंगाची करा.

आणि 'आ'नंतर लगेच पुल्लिंगी 'एल' आला की दोघांचा 'आल' होतो. ड्रायव्हरला: 'आल कोंदुक्तोर'.

आठवड्याचा अभ्यास. शब्द कोशातून काढा, उत्तरं पुढच्या वेळी, सेर-एस्तारच्या आधी. मी बस शोधतोय. मी ड्रायव्हरला शोधतोय. आम्ही आजीची वाट बघतोय. मला तीन बहिणी आहेत. आजोबांना आंबे आवडतात. आणि ज्यांना हे पाचही सोपे वाटतील त्यांच्यासाठी सहावं: ग्लास माझ्या हातून फुटला. हे वाक्य इंग्रजीतून जाऊन करू नका, फसाल. दोष ग्लासचाच ठेवा.