कितवं घर दाबलं?

लॅबव्ह्यूमध्ये ओळी लिहायच्या नाहीत, वायरी जोडायच्या, हे पहिल्याच प्रॅक्टिकलला कळतं. १९८६ साली मॅकिंटॉशवर ही भाषा आली तीच या चित्रमय रूपात. पण प्रोजेक्टच्या वेळी एक प्रश्न हमखास अडवतो. समजा सोळा रिले चालवायचे आहेत. फ्रंट पॅनेलवर सोळा सुटी बटणं मांडत बसण्यापेक्षा आपण बूलियनचा एक ॲरे ठेवतो. आता माऊसने नेमकं कितवं बटण दाबलं, हे कसं ओळखायचं? चुकलं तर पंख्याऐवजी हीटर चालू!

६.१ आवृत्तीपासून इव्हेंट स्ट्रक्चर आहे, पण ते प्रत्येक घरासाठी वेगळा इव्हेंट देत नाही. त्याच्या लेखी अख्खा ॲरे म्हणजे एकच कंट्रोल. पूर्वी हॉस्टेलला फोन एकच असायचा, तसं आहे हे. घंटी वाजली एवढं कळतं. कुणासाठी, ते आपण शोधायचं. (एका घराचा रंग बदलायला गेलं की सगळ्यांचाच बदलतो, तेही याचमुळे.)

नुसतं चालू-बंद हवं असेल तर व्हॅल्यू चेंज इव्हेंट पुरतो. त्यात ओल्डव्हॅल आणि न्यूव्हॅल असे दोन्ही ॲरे हातात येतात. दोन्ही ‘नॉट इक्वल’ला जोडा, उत्तर ‘सर्च वनडी ॲरे’ला देऊन ट्रू शोधा, की इंडेक्स मिळाला. एक खोच आहे: ॲरेत अजून नसलेल्या, फिकट दिसणाऱ्या घरावर क्लिक झालं तर न्यूव्हॅल लांबतो. तुलना मात्र लहान ॲरेच्या लांबीपुरतीच होते, आणि उत्तर येतं -१. हे -१ तपासल्याशिवाय रिलेकडे काही पाठवू नका.

राइट क्लिकवर माहिती दाखवायची असेल तर किंमत बदलतच नाही. तिथे माऊस डाऊन इव्हेंट घ्यायचा. त्यातल्या कोऑर्ड्समधून क्लिकची जागा पिक्सेलमध्ये मिळते. पुढे शाळेतला भागाकार. आडव्या ॲरेच्या पहिल्या घराची डावी कड कुठे आहे ते एकदा क्लिक करून टिपून घ्या, दुसऱ्याचीही. समजा ४० आणि ७० आले. म्हणजे एक घर फटीसकट ३० पिक्सेलचं. आता क्लिक १३७ वर झालं. १३७ वजा ४० म्हणजे ९७. त्याला ३० ने भागलं की भागाकार ३, बाकी ७. मोजणी शून्यापासून, म्हणून हे चौथं घर. ‘क्वोशंट अँड रिमेंडर’ हा एकच नोड दोन्ही आकडे देतो. बाकीही फेकू नका: घर २६ पिक्सेलचं असेल आणि बाकी २६ किंवा जास्त आली, तर क्लिक दोन घरांमधल्या फटीत झालंय. भागाकार ऋण आला किंवा दिसणाऱ्या घरांच्या बाहेर गेला, तर सोडून द्या.

खरी गंमत पुढे आहे. ॲरे स्क्रोल केलेला असेल तर पडद्यावरचं पहिलं घर शून्यावं नसतं. प्रॉपर्टी नोडमधून ‘इंडेक्स व्हॅल्यूज’ वाचा. तिथे ५ असेल तर वरचं उत्तर ३ नव्हे, ८. चाचणीच्या वेळी कुणी स्क्रोल करत नाही, म्हणून ही चूक परीक्षकासमोरच उघडी पडते. ॲरे पॅनेलवर हलवलात तर ४० हा आकडाही नव्याने मोजावा लागेल.

आणि इव्हेंटच्या केसमध्ये लांबलचक काम घालू नका. ती केस संपेपर्यंत फ्रंट पॅनेल अडवून ठेवायची सोय मुळातच चालू असते, मग बटणं मख्ख बसतात आणि सगळे माऊस आपटतात.