निलंबन बुश

मोटारगाडीची चाके व सांगाडा यांना लवचिकपणे जोडणाऱ्या निलंबन यंत्रणेतील भुजांच्या सांध्यांत बसविलेला नळीच्या आकाराचा रबरी भाग. यात सामान्यतः धातूच्या आतील व बाहेरील अशा दोन नळ्यांना मधले रबर घट्ट चिकटविलेले असते. भुजा वर-खाली होताना नळ्या एकमेकींवर घासत नाहीत. रबर पिळले जाऊन हालचाल होते व कंपने शोषली जातात. उष्णता, तेल व ओझोन यांमुळे रबर कालांतराने चिरते. खड्ड्यातून जाताना ठकठक आवाज येणे, ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जाणे व टायरांची असमान झीज ही बुश झिजल्याची लक्षणे होत.

घरी बुश बदलताना गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवितात. खालच्या भुजेवर स्प्रिंग दाबून बसविलेली असल्यास ती उसळून प्राणघातक इजा होऊ शकते. असे काम कार्यशाळेतच करवून घ्यावे. इतर रचनांत भुजा सोडवून जुना बुश व्हाइसमध्ये किंवा लांब बोल्ट व नळीच्या तुकड्याच्या साहाय्याने दाबून काढतात. नवा बुश मूळ दिशेतच बसवितात व रबराला खनिज तेल लागू देत नाहीत. बोल्ट प्रथम सैल ठेवून, चाकांवर गाडीचा भार आल्यावरच पक्के आवळतात. चाक लोंबकळत असताना ते आवळल्यास गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते व नवा बुशही लवकर फाटतो. शेवटी चाकांचे संरेखन तपासून घेणे आवश्यक असते.