भोपळ्याला वळण लावायचं ते कोवळेपणीच

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कौतुक झालं ते कारागिरांचं. ते रास्तच आहे. पण वाद्याचा तो गरगरीत भोपळा मिरजेत पिकत नाही. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. चवीला कडू, म्हणून भाजीला निरुपयोगी. वनस्पतिशास्त्राच्या लेखी मात्र हा तुंबा आणि आपल्या ताटातला दुधी एकाच जातीचे: लॅजेनारिया सिसेरारिया.

परसात किंवा गच्चीवर एखादा वेल लावून स्वतःचा तुंबा घडवता येतो. बी टणक असतं, म्हणून रात्रभर भिजवून पावसाच्या तोंडावर लावावं. आळ्यात शेणखत भरपूर, आणि मांडव मजबूत. आधी नुसती नर फुलं येतात आणि गळतात. नवखा माळी इथेच धीर सोडतो. मादी फूल थोडं उशिरा येतं, पाकळ्यांखाली बोटभर भोपळा घेऊनच. मुख्य वेलाचा शेंडा खुडला की बगलफांद्या फुटतात आणि मादी फुलं बहुतेक त्यांच्यावरच धरतात. ही पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे रात्रीचे पतंग. शहरात ते फिरकतीलच असं नाही. तेव्हा दिवेलागणीला नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावावेत. फळं धरली की एक-दोनच ठेवावीत.

आता आकाराचं. तुंबा लांब होणार की गोल, हे मुळात बियाण्यातच ठरलेलं असतं. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एडमंड सिनॉट यांनी 1930 च्या दशकात भोपळावर्गीय फळं वाढत असताना मोजून दाखवलं, की लांबी आणि रुंदी एकमेकींच्या तुलनेत कोणत्या वेगाने वाढणार, हे आनुवंशिक असतं. म्हणजे लांबट वाणाच्या बियांतून तानपुऱ्याचा भोपळा काढण्याची आशा सोडावी. माळ्याच्या हाती उरतं ते एवढंच, की वाढ कुठे अडवायची आणि कुठे मोकळी सोडायची.

कोवळ्या फळात पेशी आधी विभागून संख्येने वाढतात, मग पाणी ओढून फुगतात. फुगणारी पेशी वाव मिळेल तिकडे पसरते. मांडवावर लोंबणारं फळ सरळ वाढतं, जमिनीवर टेकलेलं तळाशी चपटं होतं. पोटाला मऊ कापडाची पट्टी बांधली की कंबर तयार होते. सुतळी नको, ती सालीत रुतते. लांब मानेला वळण द्यायचं असेल तर दुपार बरी. उन्हात पेशींतलं पाणी घटतं, त्यामुळे मान जराशी वाकते. सकाळी ताठ असताना तोच प्रयोग केला तर काडकन मोडते. चीनमध्ये छिंग राजवटीत सम्राट कांगशीच्या काळी कोवळा भोपळा नक्षीदार साच्यात वाढवत; फळ फुगून साचा भरलं की सालीवर नक्षी उमटे. गाणाऱ्या रातकिड्यांना ठेवायला अशा तुंब्यांच्या डब्या होत. श्रीमंतांचे शौक!

हे सगळे खेळ फळ कोवळं आहे तोवरच. पुढे सालीतल्या पेशींच्या भिंतींत लिग्निन साठतं. लाकडाला कठीणपणा देणारं द्रव्य हेच. नख रुतेनासं झालं की पट्टी सोडा. आता बदल होणे नाही. देठ वाळून तपकिरी झाल्यावर, थोडं देठ ठेवूनच फळ काढावं आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी टांगावं. सुकायला महिने लागतात. वरून बुरशी येते, तुंबा ओंगळ दिसतो, घरातले फेकायला निघतात. साल टणक असेल तर बुरशी पुसून टाकावी. मऊ पडून पाणी सुटलं तरच फेकावा. आत बिया खुळखुळल्या की तुंबा तयार. कापताना नाकाला फडकं हवं, आतली धूळ घशाला झोंबते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. कडू तुंबा आणि खाण्याचा दुधी शेजारी लावले तर परागांची सरमिसळ होते. यंदाचा दुधी त्याने कडू होत नाही, कारण फळाचा गर आईवेलाचाच असतो. संकर उतरतो बियांत. त्या बिया पुढच्या वर्षी भाजीसाठी लावल्या तर कडू दुधी निघू शकतो. हा कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा, आणि कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. म्हणून भाजीच्या दुधीचं बियाणं अशा वेलावरून धरू नये, आणि कापलेल्या दुधीची फोड जिभेला कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्यावा.