बुलपप रचना आणि पुण्यात विकसित झालेली कार्बाईन : एक विवेचन

प्रस्तावना :
संरक्षणशास्त्राच्या अध्यापनात शस्त्रांची नावे व आकडे सांगितले जातात. शस्त्राचा आकार तसाच का, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात 'बुलपप' रचनेचे तत्त्व आणि पुण्यातील आयुध संशोधन व विकास आस्थापना, म्हणजेच एआरडीई, या संस्थेने त्याचा केलेला वापर यांचा विचार केला आहे.

रचनेचे तत्त्व :
नेहमीच्या रायफलीत मॅगझीन चापाच्या पुढे असते, त्याच्या वर बोल्ट व त्यापुढे नळी. मागचा दस्ता मुख्यतः खांद्याला टेकविण्यापुरता असतो. बुलपप रचनेत मॅगझीन व बोल्ट चापाच्या मागे, या दस्त्यातच बसविलेले असतात. त्यामुळे नळी न कापता शस्त्र आखूड होते. नळीच कापली तर वायूच्या दाबाला गोळी ढकलण्यास कमी अंतर मिळते आणि तिचा वेग घटतो. इन्सास रायफलीची नळी ४६४ मिलिमीटर असून एकूण लांबी ९६० मिलिमीटर आहे. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑग या बुलपप रायफलीची नळी ५०८, तर एकूण लांबी केवळ ७९० मिलिमीटर आहे. वाहनातून उतरणाऱ्या किंवा अरुंद जिन्यात शिरणाऱ्या जवानाला हा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही.

मात्र हा लाभ फुकट मिळत नाही. चाप पुढे व आघात करणारी यंत्रणा मागे गेल्याने दोन्ही लांब दांडीने जोडावी लागतात, त्यामुळे चाप ओढताना नेमकेपणा कमी होतो. रिकामे काडतूस गालाजवळून बाहेर पडते, ही डावखुऱ्या जवानाची अडचण. मॅगझीन बदलताना हात काखेकडे न्यावा लागतो, तो वेगळाच.

पुण्यातील प्रयत्न :
एआरडीईच्या 'जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाईन'मध्ये या अडचणींवर मध्यम मार्ग काढलेला दिसतो. हिला अधिकृत वर्णनात 'सेमी बुलपप ऑटोमॅटिक' म्हटले आहे. येथे 'अर्ध' हे विशेषण बुलपप रचनेला लागते, स्वयंचलनाला नव्हे. ही गल्लत टाळावयास हवी. हिचे मॅगझीन दस्त्यात नसून थेट मुठीत बसते. अंधारातही एक हात दुसऱ्या हाताला शोधू शकतो, हा त्याचा साधा पण मोठा फायदा होय. वायूच्या दाबावर चालणाऱ्या या कार्बाईनचे वजन सुमारे ३ किलोग्रॅम असून मिनिटाला ७०० हून अधिक गोळ्या हा तिचा वेग आहे. उत्पादन कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत, तर काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात. डिसेंबर २०२० मध्ये भूदलाच्या चाचण्यांचा अंतिम टप्पा यशस्वी झाला. तोपर्यंत केंद्रीय सशस्त्र पोलीस दले व काही राज्यांच्या पोलिसांनी खरेदीची प्रक्रिया सुरू केली होती.

काडतुसाचा प्रश्न :
जुन्या ९ मिलिमीटर कार्बाईनमध्ये पिस्तुलाचे काडतूस वापरले जाई. चिलखती जाकिटापुढे ते अपुरे पडते. म्हणून नव्या कार्बाईनसाठी ५.५६×३० मिलिमीटरचे स्वतंत्र काडतूस योजले गेले. रायफलीचे काडतूस मात्र ५.५६×४५ आहे. म्हणजे एकाच तुकडीला दोन प्रकारचा दारूगोळा पुरवावा लागणार. प्रस्तुत लेखकाच्या मते या शस्त्राची खरी मर्यादा आकारात नसून येथे आहे. ब्रिटनने १९५१ मध्ये स्वीकारलेली ईएम-२ ही बुलपप रायफलही रचनेच्या दोषामुळे बाद झाली नाही. तिचे ७ मिलिमीटरचे काडतूस मित्रराष्ट्रांच्या समान काडतुसात बसले नाही, म्हणून ती मागे पडली.

अलीकडे ही रचनाच ओसरताना दिसते. फ्रान्सने २०१६ मध्ये फामासच्या जागी नेहमीच्या रचनेची एचके४१६ निवडली, आणि चीनची २०१९ मध्ये प्रदर्शित झालेली नवी रायफलही बुलपप नाही. भारतीय भूदलाच्या सव्वाचार लाखांहून अधिक कार्बाईनच्या खरेदीत २०२५ मध्ये सर्वांत कमी बोली पुण्याच्याच भारत फोर्ज कंपनीची ठरली. तिची कार्बाईनही एआरडीईनेच विकसित केलेली आहे. तिचे मॅगझीन चापाच्या पुढे असून काडतूस ५.५६×४५ मिलिमीटरचे आहे.