नाशिकच्या पांढऱ्या वाईनचा दरवळ

मुंबई-आग्रा महामार्गावर नरडाण्याहून दक्षिणेला निघालं की सोनगीर, धुळे, मालेगाव, चांदवड मागे पडतात आणि पिंपळगाव बसवंतच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा दिसू लागतात. त्यातल्या बहुतेक खायच्या द्राक्षांच्या. वाईनची द्राक्षं पाहायची तर दिंडोरीकडे किंवा गंगापूर धरणाच्या काठाला वळावं लागतं. राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात याच भागात सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या फ्रेंच जातींच्या वेली लावल्या आणि 2000 मध्ये त्यांच्या सुला या वायनरीची पहिली वाईन बाजारात आली.

खानदेशातला तापीकाठ सखल आणि उष्ण, तर नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर. तिथल्या हिवाळ्यातल्या थंड रात्री द्राक्षातली आंबट चव टिकवून धरतात. बाकीचं काम छाटणी करते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस सरताना गोडी छाटणी, म्हणून घड जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत तोडणीला येतात. युरोपात हीच तोडणी शरद ऋतूत होते.

एका भागातल्या वाईन शेजारी शेजारी ठेवून चाखण्यात खरी मजा आहे, कारण हवामानाचा फरक कमी होतो आणि जातीचा स्वभाव उघडा पडतो. सॉव्हिन्याँ ब्लाँ पेल्यात ओतताच हिरवट वास येतो. तो मेथॉक्सिपायराझिन गटातल्या संयुगांचा. सिमला मिरचीत आणि वाटाण्याच्या शेंगेतही हीच संयुगं असतात. घडांवर ऊन जास्त पडलं की ती कमी होतात. त्याच पेल्यातला पिकल्या पेरूचा, पपनसाचा वास मात्र वेगळ्या घराण्याचा, थायोलचा. ताज्या रसात तो जवळपास नसतोच; रस आंबताना यीस्ट त्याला मोकळं करतं.

व्हिओनिए या जातीचा सुगंध पूर्ण निराळा. सुलाच्या दिंडोरी रिझर्व्हमध्ये ती मिळते, इगतपुरी तालुक्यातल्या वॅलोने या छोट्या वायनरीतही. जर्दाळू, पीच, फुलं अशा या सुगंधामागे टर्पीन वर्गातली संयुगं आहेत. त्यांतलं लिनालूल खानदेशी स्वयंपाकघरातही रोज भेटतं: धने भाजताना किंवा कुटताना जो वास सुटतो, त्यात मोठा वाटा त्याचाच. या द्राक्षात आम्ल मुळात कमी, त्यामुळे तोडणीला थोडा उशीर झाला तरी वाईन जड आणि सपक होते. रिसलिंग ही जर्मनीतल्या थंड नदीखोऱ्यांची जात. उन्हात वाढलेल्या रिसलिंगला कधी कधी रॉकेलसारखा वास येतो; तो टीडीएन नावाच्या संयुगाचा असतो, बाटली बिघडल्याचा नव्हे.

शेनिन ब्लाँ या सगळ्यांत कमी बोलकी. मंद फळांचा वास, चांगलं आम्ल आणि नाशिकच्या अनेक बाटल्यांत थोडी गोडी.

तुलना करताना शक्यतो एकाच वर्षाच्या बाटल्या घ्याव्यात, लेबलं झाकावीत, पेले सारखे ठेवावेत. सुरुवात कोरड्या वाईनने, शेवट गोडसर वाईनने. तापमान आठ ते दहा अंश. फ्रीजमधून काढल्या काढल्या सुगंध दबलेला असतो, आणि खानदेशच्या एप्रिल-मेमध्ये पेला काही मिनिटांतच इतका तापतो की आधी अल्कोहोलच नाकाला लागतं. म्हणून थोडी थोडी ओतावी, बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी.

जेवणाची जोडही या सुगंधावरून आणि गोडीवरूनच ठरते. वांग्याच्या भरितातली हिरवी मिरची आणि कांद्याची पात यांच्यासोबत सॉव्हिन्याँ ब्लाँची हिरवट धार छान जमते. झणझणीत शेवभाजीपुढे मात्र जास्त अल्कोहोलची, अगदी कोरडी वाईन नको. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते, गोडीने ती कमी होते. तिथे गोडसर शेनिन किंवा रिसलिंग घ्यावी.

सुगंधाची श्रीमंती हवी असेल तर व्हिओनिए, पण वायनरी आणि वर्ष पाहूनच. पहिल्यांदा तुलना करणाऱ्याने सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोनच बाटल्यांपासून सुरुवात करावी. त्याही ताज्या, एक-दोन वर्षांच्या आतल्या घ्याव्यात; या वाईनचा दरवळ साठवून वाढत नाही, कमी होतो.